कंपनीनं दिलेले पैसे: उचल की पगार?

मराठवाड्यातून पुण्यात नोकरीला आलं की पहिला दणका डिपॉझिटचा. वाकड-हिंजवडीला राहा नाहीतर चाकण-भोसरीला, पगार व्हायच्या आधीच घरमालक डिपॉझिट मागतो. मग आपला माणूस एचआरकडे जाऊन विचारतो, "थोडी उचल मिळेल का?" बऱ्याचदा मिळतेही. पण ते कर्ज आहे की आगाऊ पगार, हे त्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्या.

हप्त्यानं फेडायचं कर्ज असेल तर ते तुमचं उत्पन्न नाही, त्यावर कर नाही. एप्रिलचा पगार मार्चमध्येच घेतलात, तर तो मार्चला संपणाऱ्या वर्षाच्या उत्पन्नात धरतात; पुढच्या वर्षी पुन्हा नाही.

सॅलरी स्लिपवर कर्ज कमाईच्या रकान्यात दिसायलाच नको. दिसायला हवा तो कपातीच्या बाजूला हप्ता. 40 हजार पगारातून 5 हजार हप्ता गेला, तरी कराचा हिशोब 40 हजारांवरच. इथे भलेभले गडबडतात. कर्ज बिनव्याजी किंवा फार स्वस्त असेल, तर स्टेट बँकेच्या दराशी तुलना करून वाचलेलं व्याज पगारात धरलं जातं. लहान रकमांना सूट असते. आणि साहेबांनी खूश होऊन कर्ज माफ केलं, तर माफ झालेली रक्कम सहसा उत्पन्नात येते!

जॉइनिंग बोनसचं प्रकरण जरा चिवट आहे. वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा, म्हणून पोरं त्याला कर्ज समजतात. तो पगारच. समजा 1 लाखातून 20 हजार टीडीएस गेला, हातात आले 80. नोकरी सोडताना कंपनी पूर्ण लाख मागू शकते, आणि मधे 31 मार्च उलटला असेल तर कापलेला कर सोडवताना सीएच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधीच विचारा: वसुली कापलेल्या करासकट की हातात आलेल्या रकमेची?

ठेकेदाराकडे असाल तर आणखी सावध. काही जण महिनाभराच्या कामाचे पैसे देतात आणि व्हाउचरवर 'कर्जाऊ' लिहून सही घेतात. कामाचा मोबदला तो मोबदलाच, नाव काहीही द्या. पण त्या कागदानं तुमचा पीएफ बुडतो आणि वर तुम्हीच देणेकरी ठरता. अशा व्हाउचरवर सही करू नका, सॅलरी स्लिप मागा.