मेणाच्या वजनावरून धातूचा हिशेब

जुन्या गाडीचा बाजारात न मिळणारा बॅज किंवा ट्रिमची (सजावटीच्या पट्टीची) क्लिप मेणाच्या नमुन्यावरून ओतताना धातू मध्येच संपला, तर तो साचा गेलाच. वरून पुन्हा ओतलेला रस पहिल्याशी एकजीव होत नाही. म्हणून नमुना स्प्रूसकट, म्हणजे रस आत जायची वाट करणाऱ्या मेणाच्या कांडीसकट, वजनकाट्यावर ठेवा. अ‍ॅल्युमिनियमसाठी वजनाला २.८ ने गुणा, पितळेसाठी ९ ने. ४० ग्रॅम मेणाला ११२ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम, शिवाय साच्याच्या तोंडाशी असलेल्या ओतण्याच्या कपासाठी एक तृतीयांश जास्त. स्प्रू सर्वांत जाड भागालाच जोडा, नाहीतर तो भाग शेवटी थिजतो आणि तिथे खड्डा पडतो.

नमुन्याभोवती ओतून साचा बनवायच्या जिप्समच्या इन्व्हेस्टमेंट पावडरला १०० ग्रॅममागे साधारण ४० मिली पाणी लागते. पाकिटावरचे प्रमाण वेगळे असेल तर तेच पाळा. साचा भट्टीत तापवून आतले मेण जाळताना घाई नको: आधी १५० अंशांवर दोन तास, मग हळूहळू ७३० पर्यंत. ७५० च्या वर जिप्सम फुटू लागते. तोंडाशी साचा पांढराशुभ्र दिसला पाहिजे. करडी झाक म्हणजे आत कार्बन उरलाय, आणखी तासभर ठेवा. ओलसर साच्यात धातू कधीच ओतू नका, वाफेने रस अंगावर उसळतो. आणि ब्रेक-स्टिअरिंगचे भाग घरी ओतायचे नाहीत, आतली पोकळी डोळ्यांना दिसत नाही.