बातमीतला आणि मालिकेतला ठोकळा कसा ओळखावा

इंग्रजीतला ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला. अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून अखंड पत्रा करायचा आणि त्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. खिळे पुन्हा जुळवायचे कष्ट वाचत. १९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकाराने हा शब्द माणसांच्या डोक्यात आधीच तयार असलेल्या चित्रांना लावला. आपल्या ‘ठोकळेबाज’मध्येही छापाचाच वास आहे, म्हणून अशा तयार चित्राला इथे ठोकळा म्हणू. कष्ट वाचतात, एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवा. पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

१. कुणाचे कष्ट वाचले ते आधी पाहा

तीस सेकंदांच्या जाहिरातीत पात्राची ओळख करून द्यायला वेळ कुठे असतो? मग चष्मा लावला की हुशार, गालावर व्रण असला की खलनायक, पोट सुटलेलं असलं की विनोदी मित्र. प्रेक्षक क्षणात ओळखतो आणि ‘मला कळलं’ याचं त्याला बरं वाटतं. हे बरं वाटणंच विकलं जातं. मालिकेचा लेखकही रोज नवा भाग पाडत असतो, त्यालाही हाताशी साचा लागतोच.

बातमीचं फार वेगळं नाही. योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५ साली घटनेची बातमी कशाने होते याचे बारा निकष मांडले. त्यातला एक असा, की लोकांच्या अपेक्षेशी जुळणारी घटना लवकर उचलली जाते. म्हणजे ठोकळ्यामागे दरवेळी दुष्टावा असतोच असं नाही. बऱ्याचदा नुसती घाई असते आणि वाचकाला ओळखीचं काही दिलं की तो थांबतो, हा अनुभव असतो.

२. क्रियापदावर बोट ठेवा

विशेषण लगेच दिसतं, क्रियापद लपून राहतं. पुरुष नेता ‘ठणकावतो’, बाई नेता ‘भडकते’. एक जमाव ‘जमतो’, दुसरा ‘घुसतो’. म्हणून बातमी वाचताना फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि त्या जागी ‘म्हणाला’, ‘गेला’, ‘घेतलं’ असे साधे शब्द टाकून पाहा. अर्थ तोच राहिला तर प्रश्न नाही. बातमीतली हवाच गेली, तर हवा कुणी भरली होती ते कळलं.

याचं गाजलेलं उदाहरण २००५ मधलं. अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्स पाण्याखाली गेलं होतं. छातीभर पाण्यातून सामान घेऊन जाणाऱ्या माणसांचे दोन फोटो एकाच दिवशी दोन वेगळ्या वृत्तसंस्थांनी दिले. कृष्णवर्णीय तरुणाच्या फोटोओळीत त्याने दुकान ‘लुटलं’ होतं, तर गोऱ्या जोडीच्या फोटोओळीत त्यांना दुकानातलं सामान ‘सापडलं’ होतं. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवून लोकांनी जाब विचारला. त्यावर पहिल्या संस्थेने सांगितलं की छायाचित्रकाराने तरुणाला दुकानात शिरून वस्तू घेताना पाहिलं होतं. दुसरा छायाचित्रकार म्हणाला की त्याच्यासमोर सामान दुकानाबाहेर तरंगत होतं.

मला हे उदाहरण याच गुंत्यामुळे आवडतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील, पण शेजारी-शेजारी ठेवल्यावर वाचकाच्या डोक्यात उरलं ते जुनंच चित्र. म्हणून संशय आला की दोन प्रश्न वेगळे ठेवा: लिहिणाऱ्याने काय पाहिलं, आणि वाचणाऱ्याला काय दिसणार आहे.

३. माणूस बदलून तेच वाक्य वाचा

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे पकडायची ही सर्वांत सोपी युक्ती. वाक्य तसंच ठेवा. बाईच्या जागी पुरुष, गरिबाच्या जागी श्रीमंत, परक्याच्या जागी आपला माणूस बसवा. ‘दोन मुलांच्या आईला विज्ञान पुरस्कार’ हा मथळा चालून जातो. ‘दोन मुलांच्या बापाला विज्ञान पुरस्कार’ वाचल्यावर मात्र छापताना चूक झाली की काय असं वाटतं.

यवॉन ब्रिल या रॉकेटशास्त्रज्ञ होत्या. उपग्रहाला त्याच्या कक्षेत टिकवून ठेवणाऱ्या इंजिनाची प्रणाली त्यांनी शोधली. २०१३ साली त्या वारल्या, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समधला मृत्युलेख सुरू झाला तो त्या एक मांसाहारी पदार्थ किती फक्कड करत यापासून. नवऱ्याच्या बदलत्या नोकऱ्यांमागे त्या कशा गेल्या आणि मुलांसाठी आठ वर्षं घरी कशा राहिल्या, हेही त्याच वाक्यात होतं. या वाक्यात एखाद्या पुरुष शास्त्रज्ञाचं नाव घालून मोठ्याने वाचा. हसू आलं की परीक्षा झाली.

४. मोजा

एका बातमीवरून काही सिद्ध होत नाही. शितावरून भाताची परीक्षा करणं हाच तर ठोकळ्याचा दोष, तो आपण कशाला करायचा? एक वर्तमानपत्र किंवा वाहिनी निवडा, सात दिवस धरा, वहीत तीन रकाने आखा: कोण बोललं, कोणत्या नात्याने बोललं (तज्ज्ञ, पीडित, आरोपी की रस्त्यावरचा माणूस), आणि फोटो कुणाचा होता. मधला रकाना सर्वांत बोलका. एखाद्या समाजाची माणसं रोज दिसतात, पण कायम पीडित किंवा आरोपी म्हणूनच, हे नुसतं बघून कळत नाही.

हेच काम मोठ्या प्रमाणावर होतं. १९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभरातले स्वयंसेवक एक दिवस ठरवून बातम्यांतली माणसं मोजतात. पहिल्या मोजणीत बातम्यांत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांत बाया १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के.

मार्टिन गिलेन्स या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याहून टोचणारा आहे. अमेरिकी बातमी-साप्ताहिकांनी गरिबीवरच्या मजकुरासोबत छापलेल्या फोटोंतल्या गरिबांपैकी ६२ टक्के कृष्णवर्णीय होते. देशातल्या प्रत्यक्ष गरिबांत त्यांचं प्रमाण होतं २९ टक्के. फोटो एकेक घेतला तर खराच, पण सगळे मिळून खोटं बोलत होते.

५. आवाज बंद करा

मालिका किंवा चर्चेचा कार्यक्रम पाच मिनिटं आवाजाशिवाय पाहा, मग पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. भीती, कीव, राग यातलं किती पार्श्वसंगीताने भरलं होतं ते आपसूक कळतं.

६. गोड ठोकळे सोडू नका

इथे बहुतेकांची वही बंद होते. ‘गरीब पण प्रामाणिक’, ‘अपंगत्वावर मात’, ‘ती घर सांभाळून हेही करते’ – ऐकायला छान वाटतं, तक्रार कुणी करत नाही. ‘गरीब पण प्रामाणिक’ तर मलाही अनेक वर्षं खटकला नव्हता. त्यातला ‘पण’ काय म्हणतोय तेवढं बघा. आणि व्हीलचेअरवरचा माणूस कचेरीत पोचला याची बातमी होत असेल, तर इमारतीला उतार का नव्हता ही बातमी कुणी केली, ते शोधा.

७. संपादकाला लिहायचं तर वाक्य धरून लिहा

‘तुमचं वार्तांकन पूर्वग्रहदूषित आहे’ अशा पत्राला कुणी उत्तर देत नाही. नेमकं वाक्य उतरवून काढा, काय खटकलं ते दोन ओळींत सांगा आणि त्या जागी कसं लिहिता आलं असतं तेही द्या. ब्रिल यांच्या मृत्युलेखावर टीका झाल्यावर पहिलं वाक्य बदललं गेलं. स्वयंपाक गेला, ‘हुशार रॉकेटशास्त्रज्ञ’ आलं. नवऱ्याच्या नोकऱ्या आणि घरी काढलेली आठ वर्षं मात्र त्याच वाक्यात राहिली.