जुन्या गेमबॉयमध्ये सेल लीक झालाय? आधी हे करून बघा

१९८९ चा पहिला गेमबॉय (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) ४ पेन्सिल सेलवर चालतो आणि वर्षानुवर्षं सेल आतच राहिले की खणात पांढरी-हिरवटसर पावडर जमते, लोक म्हणतात डेड आहे, पण बऱ्याचदा नुसत्या सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्याच खराब झालेल्या असतात. अल्कलाइन सेलचं लीकेज अल्कली असतं, त्यामुळे खायचा सोडा नको, पांढरं व्हिनेगर घ्या, इअरबड ओला करून (निथळता नको हां, आत सर्किट बोर्डावर जाईल) हळूहळू घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नीट वाळू द्या. हातमोजे घालाच. पट्टीचा मेटलच खाल्ला गेला असेल तर नवीन टाका. आणि प्लीज, खेळून ठेवून देताना सेल काढून ठेवत जा.