बाळाचं वजन आलेखावर कसं मांडाल?

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख वापरा. त्यासाठी मोजलेल्या मुलांत दिल्लीचीही बाळं होती, त्यामुळे "हे परदेशी माप" ही शंका सोडा. मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा; अदलाबदल झाली तर सगळंच चुकतं.

वजन घेताना बाळ उघडं हवं. ओला डायपर सहज दोनशे ग्रॅमचा भरतो, म्हणजे मोठ्या बाळाची पंधरवड्याची वाढ एका डायपरमध्ये! काटा आधी शून्यावर आणा, आणि दर वेळी तोच काटा वापरा. या महिन्यात कळव्याच्या अंगणवाडीत, पुढच्या महिन्यात वाशीच्या दवाखान्यात असं केलंत, तर काट्यांतला फरकच वाढ किंवा घट म्हणून दिसेल. लांबी दोन वर्षांपर्यंत झोपवूनच मोजायची. एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करायचे.

आता आडव्या रेषेवर वय, उभ्यावर वजन, जुळेल तिथे ठिपका. आलेखावर छापलेल्या रेषांपैकी मधली रेषा सहा महिन्यांच्या मुलीसाठी ७.३ किलोला, मुलासाठी ७.९ ला. बाळ पंधराव्या पर्सेंटाइलच्या रेषेवर असेल, तर शंभरातली पंधरा बाळं त्याच्याहून हलकी. हे नापास होणं नव्हे, आजीला काहीही वाटो. बघायचं ते ठिपके जोडून होणाऱ्या रेषेकडे. ती सपाट झाली, छापलेल्या दोन मुख्य रेषा ओलांडून खाली आली, किंवा ठिपका तिसऱ्या पर्सेंटाइलखाली गेला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या आठवड्यातली थोडी घट चालते. दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं. आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाच्या वयातून दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून ठिपका द्या.