जुन्या गाडीला मोठा ऑइल फिल्टर लावताना

माझ्या अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन मी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात स्वतः खोललंय, म्हणून ठासून सांगतो: मोठ्या फिल्टरने ऑइल प्रेशर वाढत नाही. ते ठरतं पंपावर, ऑइलच्या जाडीवर आणि बेअरिंगच्या फटीवर. फायदा वेगळाच आहे. आतला कागद जास्त, म्हणून सकाळचं थंड, जाड ऑइलही सहज गाळलं जातं आणि बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइलला फिल्टरच्या कागदाला वळसा घालू देणारी झडप, क्वचित उघडतो. तो उघडला की न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे. घोडबंदर रोडच्या धुळीत हे नकोच.

फिल्टरचा डबा निवडताना आधी आटे, मग रबरी वॉशरचा व्यास, मग बायपास उघडण्याचा दाब जुळवा. आटे बसले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही! फिल्टर आडवा असेल तर ऑइल परत उतरू न देणारा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर रिकामा डबा भरेपर्यंत बेअरिंगला ऑइल पोचत नाही, आणि मोठा डबा भरायला जास्त वेळ घेतो.

वॉशरला ऑइलचं बोट लावा, टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. मग वायर परत लावून इंजिन चालू करा, गळती बघा, बंद करून डिपस्टिकने ऑइलची पातळी तपासा. मोठ्या डब्याला ऑइलही जास्त लागतं.