४के डिस्कसाठी ड्राइव्ह घेताना खोक्यावर नको, लेबलवर बघा

स्वतःच्या ४के ब्लू-रे डिस्क घरच्या सर्व्हरवर उतरवायच्या म्हणून ड्राइव्ह आणावा, तर साधी ब्लू-रे वाचतो आणि ४केला नकार देतो. खोक्यावर 'यूएचडी' (म्हणजे ४के) छापलंय की नाही, यावर आपलं काम अडत नाही. खरी मेख फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या, त्याला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाताना लॅपटॉपमध्ये मेकएमकेव्ही (डिस्कवरचा चित्रपट फाइलमध्ये उतरवणारं सॉफ्टवेअर) टाकून न्या, सोबत १०० जीबीची एक तीन थरांची डिस्क. मग दुकानातच:

१. ड्राइव्हच्या पाठीवरचं लेबल वाचा. मॉडेल, बनावटीचा महिना आणि 'रॉम' (म्हणजे फर्मवेअरची) आवृत्ती बारीक अक्षरांत असते. फोटो काढून ठेवा.
२. ड्राइव्ह जोडून मेकएमकेव्ही उघडा. माहितीत 'लिब्रेड्राइव्ह' (फर्मवेअरची आडकाठी न येता डिस्क थेट वाचायची सोय) याच्या स्थितीपुढे 'एनेबल्ड' दिसलं की निर्धास्त घ्या. 'पॉसिबल' म्हणजे फर्मवेअर बदलावं लागेल, तेवढे पैसे कमी करून मागा.
३. डिस्क उघडते का बघा. पूर्ण कॉपी मात्र घरी पहिल्याच दिवशी करा, कारण कमकुवत ड्राइव्ह बहुधा थर बदलताना अडखळतो. म्हणून बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

सर्व्हरच्या कॅबिनेटमध्ये जागा असेल तर मोठा ५.२५ इंची साटा ड्राइव्हच (कॅबिनेटच्या आत साटा केबलने जोडायचा) घ्या. तोच बाहेर ठेवायचा तर १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली केस हवी, नुसत्या यूएसबीवर तो चालत नाही.

फर्मवेअर बदलताना मॉडेल क्रमांक अक्षर न अक्षर जुळवा आणि मूळ फर्मवेअरची प्रत आधी काढून ठेवा. चुकीची फाइल गेली, किंवा मध्येच वीज गेली, तर ड्राइव्ह कायमचा बंद पडू शकतो.