उन्हाळी लागली म्हणून सोडून देऊ नका – राब आणि भेंडीच्या दिवसांत लघवीचा रंग बघा

मंडळी, एप्रिल संपत आला, भेंडी एक दिवसाआड तोडायला येतेय, दुधी-काकडीचे मांडव भरलेत आणि शहापूर-मुरबाडकडे बऱ्याच जणांचं राब भाजायचं, म्हणजे भाताच्या रोपाची जागा पालापाचोळा जाळून भाजायचं, अजून बाकी आहे. पिकाच्या पाण्यावर आपण रोज बोलतो, आज जरा माणसाच्या पाण्यावर बोलू. विषय लाजेचा वाटेल, लघवीचा आहे, पण शेतावर फुकटात मिळणारा रिपोर्ट तेवढा एकच आहे.

लघवीला जळजळ होतेय असं कोणी म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं, उन्हाळी लागली, सब्जा घे. सब्ज्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्यासोबत दोन ग्लास पाणी पोटात जातं तोच खरा फायदा. पण दरवर्षी तीच उन्हाळी, तीच जळजळ, आणि एक दिवस मुतखड्याची कळ आली की रात्री रिक्षा शोधत फिरायचं, असं चाललंय.

होतं काय ते सांगतो. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत अंगात घेतात, बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. घामानं अंगातलं पाणी उतरलं की मेंदूकडून एक हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं की पाणी राखून ठेव. घाण मात्र रोजच्याइतकी बाहेर टाकायचीच असते, मग लघवी थोडी आणि घट्ट होते. पिवळा रंग येतो तो जुन्या तांबड्या पेशी मोडून जे उरतं त्याचा, चिमूटभर हळद बादलीत टाकली तर दिसत नाही, वाटीत टाकली तर पिवळीधमक, तसंच ते. घट्ट लघवीत क्षार बसायला लागतात, खडा तिथेच धरतो.

सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून काही ठरवू नका. बघायची ती अकराच्या सुमाराची, निम्मी तोड झालेली असते तेव्हाची. फिकट लिंबू सरबतासारखी असेल तर चालू द्या. मधासारखी दिसली तर लगेच सावलीला बसून प्यायला घ्या. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी दिसली तर त्या दिवसाचं काम तिथेच बंद, आणि सब्जा-बिब्जा न करता डॉक्टर गाठा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं लघवी झगझगीत पिवळी होते, बीट खाल्लं की गुलाबी, टीबीच्या औषधानं नारंगी, तेव्हा घाबरण्याआधी काय खाल्लंय ते आठवा.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे, खाडीची हवा. विदर्भात पारा जास्त चढतो म्हणून आपण निवांत असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहतो, म्हणजे पाणी जातं आणि अंग काही थंड होत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं दहाच्या वर माणसं गेली, पारा काही पंचेचाळीसला नव्हता त्या दिवशी.

माझ्या चुलत भावाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी राबाला कवळं, म्हणजे झाडाच्या डहाळ्यांच्या मोळ्या, वाहत होता, सकाळी एक चहा मारलेला, वरून ऊन आणि दुपारनंतर पुढ्यात आग. (राब भाजू नका म्हणून आपल्याला सांगतात, आपण ऐकत नाही, तो वाद पुन्हा कधी.) संध्याकाळी अंग ठणकायला लागलं म्हणून दुकानातून अंगदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या, सकाळी परत एक. बांधाआड गेला आणि मला हाक मारून म्हणाला, अरे बघ हे, चहाच दिसतोय. दुपारी उलट्या, किडनी किती चालतेय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 2.8 आलं, म्हणजे बरंच वाढलेलं, चार दिवस सलाईन. वाचला, किडनीही सावरली, पण डॉक्टर पाण्याआधी गोळ्यांवरून ओरडले. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, अंगात पाणी असेल तर एखादी निभावते, कोरड्या अंगावर घेतली की दुहेरी मार. तेव्हा पाठ धरली की आधी पाणी, पेज, झोप, आणि गोळी विचारूनच.

एखाद्या दिवसाचं किडनी सावरून घेते, पण दर सीझनला तेच झालं तर काय होतं ते मध्य अमेरिकेतल्या ऊस तोडणाऱ्या मजुरांत दिसलंय, शुगर नाही बीपी नाही आणि ऐन तरुण पोरांच्या किडन्या गेल्या. आंध्रातल्या उद्दानमलाही शेतकऱ्यांत असाच आजार आहे. कारण एकच नसावं, पण ऊन आणि कमी पाणी यांच्यावरचा संशय मोठा आहे.

प्यायचं कसं तर तहानेची वाट न बघता. भेंडीनं मान टाकल्यावर मोटर चालू करणारा शेतकरी आपल्याला येडा वाटतो ना, मग. उन्हात काम असेल तर दर 15-20 मिनिटांनी एक ग्लास, आणि एकदम ढसाढसा नको, तासाला दीड लिटरच्या वर गेलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. घामासोबत मीठ जातं म्हणून मधे ताक किंवा मीठ घातलेली तांदळाची पेज, आजीची पेज काही उगाच नव्हती. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात ढवळून पिऊ नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोल्ड्रिंक हे पाणी नाही. ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे, बीपीची लघवी होणारी गोळी चालू आहे, त्यांनी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून. आणि हात जोडून सांगतो, फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यात प्यायचं पाणी नेऊ नका.

आता बायकांचं, हे मालकांनी नीट वाचा. तोडायला बहुतेक बायकाच असतात आणि त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे? पलीकडे हायवे, अलीकडे नवीन टॉवर, पूर्वीची झाडीही राहिली नाही. सहा-सात तास तुंबवून ठेवायचं, मग इन्फेक्शन, ताप. जुनं शेडनेट, चार बांबू आणि एक ड्रम पाणी, तासाभराचं काम आहे. मी गेल्या वर्षी मांडवामागे केलं तर पहिल्याच आठवड्यात माठ दोनदा भरायला लागला.

तोड सकाळी सहाला सुरू करा, साडेदहा-अकराला थांबा, राहिलेली चारनंतर. फवारणी तर भर दुपारी नकोच, मास्क आणि कोट घालून माणूस आतल्या आत उकडतो. कोणी बरळायला लागला, अंग तापलं, तोल गेला तर 108 ला फोन, तोवर सावलीत घेऊन अंगावर पाणी आणि वारा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

जूननंतर आवणीला चिखलात उतरलात की हिशोब बदलतो. तेव्हा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि लघवी गडद असं एकत्र आलं तर ती उन्हाळी नव्हे, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणारा ताप, असू शकतो, तोही किडनीवर जातो. दवाखान्यात गेल्यागेल्या सांगायचं की मी भातखाचरात उभा होतो, ते न विचारताच.